मुंबईत आवाज फुटेना, मद्रासने शब्दन्‌शब्द ऐकला : सभेच्या भीतीवर मात कशी होते?

चेन्नई : खरेदीच्या गर्दीसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या टी. नगर भागातच दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे आवार आहे. या संस्थेच्या रौप्यमहोत्सवासाठी जानेवारी १९४६ मध्ये महात्मा गांधी येथे मुक्कामास होते. त्यांच्या सायंप्रार्थनेला मोठा जनसमुदाय लोटत असे. त्या गर्दीपुढे संथपणे बोलणारी हीच व्यक्ती तरुणपणी चार ओळी वाचतानाही लटपटत असे, हे त्यांनी स्वतः आत्मकथेत नोंदविले आहे.

लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या बैठकीत लिहून आणलेला मजकूर त्यांच्याने वाचवेना. तो दुसऱ्याला वाचावा लागला. १८९१ मध्ये मायदेशी परतताना दिलेल्या निरोपाच्या भोजनप्रसंगी त्यांनी विनोदाने सुरुवात करण्याचे ठरविले होते. प्रत्यक्षात पहिल्या वाक्यानंतर पुढचे काही आठवेना आणि आभार मानून ते खाली बसले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहताच डोके गरगरू लागले. तीस रुपयांचे शुल्क परत करून त्यांनी काम सोडले आणि पक्षकाराला ५१ रुपये देऊन दुसरा वकील करावा लागला.

घशाला कोरड पडणे, हात थरथरणे, छाती धडधडणे ही लक्षणे मनाच्या दुबळेपणाची नव्हेत. अनेक डोळे आपल्यावर खिळले की मेंदू ती स्थिती धोक्याची मानतो. ॲड्रेनालिन स्रवते, नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, लाळ आटते. शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करीत असते. व्यासपीठावर मात्र यांपैकी काहीच करायचे नसते. म्हणूनच बोलण्यापूर्वी काही वेळ श्वास सावकाश, लांबवून सोडल्यास उपयोग होतो. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावण्यास मदत होते.

‘शांत हो’ असे स्वतःला बजावणे मात्र तितकेसे फळत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मनाला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा आपली धडधड हा उत्साह आहे असे मानणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की वक्त्याला आपली घाबरगुंडी जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती श्रोत्यांना दिसत नाही. एवढे आधी सांगितले तरी वक्त्याचे भाषण सुधारते. दुसऱ्याला आपली बोबडी वळल्याचे कळले असेल, ही धास्तीच पुष्कळदा मूळ भीतीहून भारी पडते.

गांधीजींना खरा आधार मिळाला तो विषयाचा. १८९३ मध्ये प्रिटोरियात भारतीय व्यापाऱ्यांपुढे व्यवहारातील सचोटीवर ते बोलले, तेव्हा विषयाची तयारी पक्की होती आणि सांगण्याची तळमळही होती. केवळ कागद हाती असणे पुरेसे नसते, हे लंडनमध्ये दिसलेच होते. पाठ केलेले भाषण एक शब्द निसटताच कोसळते. मुद्दे स्वतःचे असतील तर शब्द चुकला तरी धागा सुटत नाही. पहिले वाक्य तेवढे तोंडपाठ ठेवणे बरे, कारण धडधड बहुधा सुरुवातीलाच सर्वाधिक असते. सराव मोठ्याने आणि शक्यतो दोन-चार माणसांपुढे करावा. मनातल्या मनात वाचलेले भाषण नेहमीच सुरळीत वाटते.

सुधारणा मात्र सरळ रेषेत होत नाही. दक्षिण आफ्रिकेत तीन वर्षे काढून आल्यावरही सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या सभेत गांधीजींचा आवाज फुटेना. अध्यक्षस्थानी असलेले सर फिरोजशहा मेहता मोठ्याने बोलण्यास सांगत होते, तसतसा आवाज अधिकच खाली जात होता. केशवराव देशपांडे मदतीला धावले. पण श्रोत्यांनी दिनशा वाच्छा यांच्या नावाचा पुकारा केला आणि अखेर वाच्छांनीच ते भाषण वाचले. आपला संकोच पूर्णपणे कधीच गेला नाही, मात्र त्यामुळे मोजके बोलण्याची सवय लागली, असे गांधीजींनी पुढे लिहिले आहे.

मुंबईतील त्या सभेनंतर महिन्याभराने, २६ ऑक्टोबर १८९६ रोजी, ते मद्रासच्या पच्चैयप्पा सभागृहात उभे राहिले. विषय तोच होता, दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची गाऱ्हाणी. भाषण छापील आणि त्यांच्या मानाने बरेच लांब होते. श्रोत्यांनी त्याचा शब्दन्‌शब्द लक्षपूर्वक ऐकला.