दोहोंपैकी एकच सिलिंडर का तापतो?

१९८३ साली भारतात आलेली ‘राजदूत ३५०’ आपल्या हुबळी-धारवाड रस्त्यावर क्वचित दृष्टीस पडते. तिचे दोन्ही सिलिंडर शेजारी-शेजारी. वारा सारखाच, पेट्रोलही एकाच टाकीतले. कार्बुरेटर मात्र प्रत्येकास वेगळा. मग एकच सिलिंडर अधिक तापू लागला तर? दुर्लक्ष केल्यास पिस्टन फुगून अडकतो, मागचे चाक एकाएकी थांबते आणि स्वाराच्या जिवावर बेतते.

सुदैवाने येथे निरोगी सिलिंडरच रोग्याची मोजपट्टी ठरतो. इंजिन निवल्यावर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. तपकिरी रंग ही आरोग्याची खूण. पांढरट रंग अतिउष्णतेची. मग प्लगांची अदलाबदल करून गाडी चालवून पाहावी. उष्णता प्लगाबरोबर दुसरीकडे गेली, तर दोष प्लगाचा. ती तेथेच राहिली, तर कार्बुरेटरचे जेट तुंबले आहे काय, सांध्यातून हवा शिरते काय, ठिणगी वेळेआधी पडते काय, हे क्रमाने तपासावे. पेट्रोल कमी पडून हवा वाढली की ज्वलन अधिक दाहक होते.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अन्यथा दोष गेला तरी त्याचे कारण कळत नाही. प्रयोगशाळेतला हा नियम रस्त्यावरही तितकाच खरा आहे.