पिंजऱ्यातला चेंडू

क्रिकेटपटूंचा जाळीतला सराव तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेतील बेसबॉलपटूही असाच सराव करतात. त्यांची जाळी मात्र चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असते, म्हणून तिला पिंजराच म्हणतात. एका टोकाला फलंदाज आणि दुसऱ्या टोकाला बहुधा चेंडू फेकणारे यंत्र. हे यंत्र काही आजचे नव्हे. चार्ल्स हिंटन या गणितज्ञाने १८९७ च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठात बंदुकीच्या दारूवर चालणारे यंत्र बनवले होते! आता बहुतेक यंत्रांत फिरणारी चाके चेंडू पुढे ढकलतात.

या यंत्राचा वेग किती ठेवावा? ‘नामांकित खेळाडूंच्या चेंडूइतका’, असे तुम्ही म्हणाल. जरा हिशेब करून पाहू.

मैदानावर चेंडू हातातून सुटल्यावर सुमारे १७ मीटर जातो. ताशी १४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४० मीटर. तेव्हा फलंदाजाला मिळतात अवघे ०.४२ सेकंद. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला सुमारे ०.२ सेकंद आणि बॅट फिरवायला ०.१५ सेकंद लागतात. विचाराला उरतात ०.०७ सेकंद!

आता पिंजऱ्यात यंत्र १२ मीटरवर आहे असे समजा. वेग तोच ठेवला, तर चेंडू ०.३ सेकंदात येईल. म्हणजे फलंदाज चेंडू पाहून मारतच नाही, केवळ अंदाजाने बॅट फिरवतो. अशा सरावाने चुकीची सवय मात्र लागते. १२ मीटरला ०.४२ ने भागा. सेकंदाला २८.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०३ किलोमीटर एवढा वेग पुरे. नवशिक्याने याहूनही कमी ठेवावा. वेग अधूनमधून बदलावा. नाहीतर चेंडू न पाहता नुसत्या तालावर बॅट फिरू लागते.

पिंजरा निवडताना जाळीही पाहावी. तिची भोके चेंडूहून लहान हवीत आणि ती सैल टांगलेली हवी. झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्याचेच हे तत्त्व. १४५ ग्रॅमच्या चेंडूची सेकंदाला ४० मीटर वेगाची गतिज ऊर्जा ११६ ज्यूल असते. जाळी ६० सेंटिमीटर मागे सरली, तर सरासरी बल सुमारे १९३ न्यूटन. ५ सेंटिमीटरच सरली, तर २३२० न्यूटन! ताणलेली जाळी लवकर फाटते आणि चेंडू उलट फेकते. सैल जाळी मागे सरते, म्हणून तिला टेकून कोणी उभे राहू नये. आत एकच फलंदाज असावा, तोही शिरस्त्राण घालून.

आता सांगा : यंत्र ९ मीटरवर असेल, तर वेग किती ठेवाल?