तारेचा पत्ता आणि शोधशब्द

जाहिरातीच्या तळाशी विक्रेत्याचा पत्ता छापावयाचा, ही रीत मराठी मासिकांच्या जुन्या वाचकांच्या चांगली परिचयाची आहे. केशतेल असो, पंचांग असो वा पितळी स्टोव्ह असो, मजकूर संपला की पेठेचे नाव, टपालपेटीचा क्रमांक आणि त्याखाली ‘तारेचा पत्ता’ म्हणून एकच सुटसुटीत शब्द येई. तो शब्द शुल्क भरून तारखात्यात नोंदविलेला असे आणि त्या गावच्या तारघरात तो दुसऱ्या कोणास मिळत नसे. आदिलाबादच्या एखाद्या जिनिंगवाल्याने नागपूरच्या अडत्यास त्या एका शब्दावर तार केली, तर ती त्याच अडत्याच्या हाती पडे; शेजारच्या प्रतिस्पर्ध्याच्या नव्हे. १५ जुलै २०१३ पासून तारसेवाच बंद झाली आणि तिच्याबरोबर हे एकशब्दी पत्तेही इतिहासजमा झाले.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र तशीच एक गोष्ट निराळ्या वेषात परतली आहे. इंटरनेटच्या आरंभीच्या काळात जाहिरातीच्या शेवटी संकेतस्थळाचा पत्ता टिंबांसकट झळकत असे. आता पुष्कळदा तो गाळून ‘अमुक नाव शोधा’ एवढेच सांगितले जाते. ही चाल मुळात आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेचे ग्राहक टंकू शकतील असे ‘कीवर्ड’ जाहिरातींत सांगितले जात. जपानमध्ये २००८ च्या सुमारास तर या प्रथेने मूळच धरले होते. पडद्यावर एक लांबट चौकट, तीत जपानी अक्षरांतला एखादा शब्द आणि शेजारी ‘शोध’ असे लिहिलेले बटण. पत्त्याचा मागमूस नाही. आगगाडीच्या डब्यांतल्या फलकांवरही तेच. कोरियातील जाहिरातींतही हीच तऱ्हा दिसू लागली.

कारण साधे होते. संकेतस्थळांचे पत्ते रोमन लिपीतले आणि पाहणारा आपल्या लिपीत वाचणारा. पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत परकी अक्षरे टिपून घेणे कोणाला साधणार? आपल्या लिपीतला एक शब्द मात्र सहज ध्यानात राहतो.

आदिलाबादकरांना हे कारण समजावून सांगावयास नको. पैनगंगेच्या या काठावरील जैनथ, बेला भागातल्या मराठी घरांत बोलणे मराठीत, कचेरीचे कागद तेलुगूत आणि बाजारातला व्यवहार हिंदी-उर्दूत. त्यात रोमन लिपीचे ओझे आणखी कशाला? आपली नदीच पाहा ना. रोमन अक्षरांत कोणी ती ‘पैनगंगा’ लिहितो, कोणी ‘पेनगंगा’, आणि पत्त्यात एक अक्षर चुकले की दारच उघडत नाही. देवनागरीतले पत्ते घेता यावेत म्हणून ‘डॉट भारत’ ही सोय ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली, तीत मराठीही होती. परंतु तसे पत्ते जाहिरातीत क्वचितच दृष्टीस पडतात. शोधयंत्राला मात्र देवनागरी चालते, शुद्धलेखनाच्या चुका ते पोटात घालते, आणि आजीला टंकता येत नसेल तर तिने नुसते बोलून विचारले तरी भागते. ही सोय लहान नाही.

तरीही शब्द म्हणजे पत्ता नव्हे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून पलीकडे गेले, आणि कित्येक कुटुंबांचे नातेगोते दोन राज्यांत वाटले गेले. अशा घरातील मुलाने ‘सातबारा’ हा शब्द शोधला, तर शोधयंत्र त्याला महाराष्ट्राच्या भूमिअभिलेखाकडे नेणार; त्याची शेती तेलंगणात असेल तर त्याला हवी असते ती पहाणी. (तेलंगणातील ‘मी-सेवा’ केंद्राचे नाव ऐकून मराठी पाहुणे हसतात. तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘तुमची’. आपल्या कानाला ती स्वतःचीच सेवा वाटते!)

याहून गंभीर भेद असा की, तारेचा शब्द नोंदलेला असे. शोधशब्द कोणाच्याच मालकीचा नसतो. शोधयंत्र त्या शब्दाशेजारची जागा लिलावाने विकते आणि बोली कोणीही लावू शकतो. २००६ साली अमेरिकेत ‘पॉन्टिॲक’ मोटारीच्या दूरचित्रवाणी जाहिरातीने प्रेक्षकांना सांगितले की, आमच्यावर विश्वास ठेवू नका, गूगलवर ‘पॉन्टिॲक’ शोधून पाहा. प्रतिस्पर्धी ‘माझ्दा’ने त्याच शब्दावर आपली जाहिरात घेऊन ठेवली. पडद्यावरचा खर्च एकाचा आणि गिऱ्हाइके दुसऱ्याच्या दारात! आपल्याकडेही हा तंटा न्यायालयात गेला. ‘अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावावरून चाललेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२३ रोजी सांगितले की, दुसऱ्याचे व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून विकणे हा त्या चिन्हाचा वापरच होय. मात्र ग्राहकाची दिशाभूल होत नसेल वा त्या नावाचा गैरफायदा घेतला जात नसेल, तर तेवढ्याने हक्कभंग ठरत नाही.

व्यापारी आपापसांत भांडोत. गृहस्थाची चिंता वेगळी आहे. एखाद्या बँकेची जाहिरात पाहून कोणी त्या बँकेचे नाव आणि ‘ग्राहकसेवा क्रमांक’ असे शब्द शोधतो, वर दिसलेला पहिला क्रमांक फिरवतो, आणि पलीकडून गोड आवाजात गुप्त क्रमांक विचारला जातो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या फसवणुकीविषयीच्या पुस्तिकेत शोधयंत्रातून होणाऱ्या या लुबाडणुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. आयुष्यभराची पुंजी अशा एका शोधात जाऊ शकते. तसे घडल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. शोधाच्या उत्तरात वर ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असतो, तोही वाचण्याची सवय घरात लावावी. पैसे देऊन घेतलेली जागा तीच.

म्हणूनच जाहिराती पत्त्याला रजा देत असता रिझर्व्ह बँकेने उलट वाट धरली. सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ अशा अखेरीच्या पत्त्यावर न्यावीत, असा आदेश तिने एप्रिल २०२५ मध्ये काढला. ही अखेर केवळ बँकांनाच मिळते. सरकारी खात्यांना ‘गव्ह डॉट इन’ मिळते तशीच. केशतेल घ्यावयाचे असेल तर शोधशब्द पुरे. बँक आणि शेती यांचे पत्ते मात्र शाखेतून वा कचेरीतून विचारून घ्यावेत, आणि घरातल्या शाळकरी मुलाकडून पासबुकाच्या आतल्या पानावर रोमन अक्षरांत, खाली देवनागरी उच्चारासह, लिहवून ठेवावेत.