कल्ट कुणाला म्हणायचं?

लेखमाला : पंथ आणि शेजारी (भाग ७)

गेल्या आठवड्यात मॉर्मन मंडळींना आपण युटाच्या वाटेवर सोडलं होतं. १८४७ साली ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले, तेव्हा त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ जमावाच्या गोळ्यांनी तुरुंगातच मारला गेलेला होता. त्याआधी, १८३८ मध्ये, मिसुरीच्या गव्हर्नरने या लोकांना हाकला नाहीतर संपवा असा लेखी हुकूम काढला होता. तो रीतसर मागे घ्यायला १९७६ साल उजाडलं. याच पंथाचा ह्यू फिंडले नावाचा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यापर्यंत येऊन गेला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

युटात गेल्यावर अमेरिकेत लोकांचा राग राहिला तो मुख्यतः त्यांच्या बहुपत्नीत्वावर. १८७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स खटल्यात निकाल दिला : मनात काय मानायचं ते माना, पण कायदा मोडणारी कृती धर्माच्या नावाखाली खपणार नाही. निकाल स्वच्छ होता. पण १८८७ च्या कायद्याने पुढची पायरी गाठली. चर्चची कायदेशीर नोंदणीच रद्द केली आणि मालमत्तेवर टाच आणली. १८९० मध्ये चर्चने नवी बहुपत्नी लग्नं बंद केल्याचं जाहीर केलं. सव्वाशे वर्षांनंतरही मॉर्मन म्हटलं की अमेरिकन माणूस आधी किती बायका हेच विचारतो. २०१२ मध्ये मिट रॉम्नी अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हाही त्यांच्या पंथाला कल्ट म्हणणारे पाद्री होतेच.

आता आपल्या नगर जिल्ह्यात येऊ. शिर्डीहून साकोरी हाकेच्या अंतरावर. साईबाबांचे शिष्य उपासनी महाराज तिथे राहिले. त्यांनी कन्याकुमारी स्थान उभं केलं. मुली देवाला वाहिल्या जात, आणि त्यांचं लग्न महाराजांशीच लागलं असं मानलं जाई. सुधारकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यावर झोड उठवली. युटातल्या गदारोळाशी त्याचं साम्य चटकन डोळ्यांत भरतं. पण पुढचा प्रवास वेगळा. १९४१ मध्ये महाराज गेले आणि स्थानाची सूत्रं गोदावरीमातांकडे आली. वेदमंत्र म्हणत यज्ञ चालवणाऱ्या ब्रह्मचारिणी ही साकोरीची ओळख झाली. बाईने वेद म्हणावा की नाही यावर अजून वाद घालणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नाही. तरी एक प्रश्न मला सोडवत नाही : लहान वयात तिथे आणलेल्या मुलींना त्या वेळी विचारलं कुणी? आज साकोरीला जाणारा भाविक हा प्रश्न मनातही आणत नाही. अमेरिकन माणूस जुना डाग विसरत नाही. आपण समाधी बांधली की विचारायचंच विसरतो.

याच उपासनी महाराजांचे शिष्य मेहेरबाबा. पुण्यातल्या इराणी घरातला हा तरुण नगरजवळ अरणगावात, पहिल्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेत येऊन राहिला. १० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरलं, ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. इंग्रजी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून ते बोलत. १९५४ मध्ये फळीही सोडली, नुसत्या खुणा उरल्या. परक्यांनी हे कसं पाहिलं? इंग्रज लेखक पॉल ब्रंटन १९३० मध्ये येऊन गेला आणि पुस्तकात त्यांच्या अवतारपणाबद्दल साफ शंका घेतली. १९३२ मध्ये हॉलिवूड बाउलमध्ये मौन सुटणार असं जाहीर होऊन ते रद्द झालं, तेव्हा थट्टा व्हायची ती झालीच.

अरणगावात मात्र हा माणूस शेजारी होता. टेकडीवरच्या समाधीच्या घुमटाभोवती चार कोपऱ्यांवर चार खुणा आहेत : देऊळ, मशीद, चर्च आणि पारशांचा अग्निकलश. आतल्या भिंतींवर हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने रंगवलेली चित्रं. ३१ जानेवारीला अमरतिथीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, देशोदेशीचे लोक येतात आणि दुपारी सव्वाबाराला पंधरा मिनिटं सगळा मांडव गप्प बसतो. हे दृश्य एखाद्या अमेरिकन बापाने पाहिलं आणि त्यात त्याची मुलगी बसलेली असली, तर १९७८ च्या जोन्सटाऊननंतर त्याच्या तोंडी कल्ट हाच शब्द येईल. तिथे एका पंथाच्या वसाहतीत नऊशेहून अधिक माणसं मरण पावली होती. त्या बापाची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण गप्प बसणं हा काही पुरावा नव्हे.

मग पाहायचं काय? माझ्या मते विचित्रपणा बाजूला ठेवावा आणि तीन ठिकाणी बोट ठेवावं. सोडून जाणाऱ्याचं काय होतं, लेकराबाळांच्या वतीने निर्णय कोण घेतं, आणि पैसा. पैशाचं उदाहरण ताजं आहे. मॉर्मन चर्च आणि त्याची गुंतवणूक कंपनी यांना २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने मिळून ५० लाख डॉलर दंड केला. दोष हा, की गुंतवणुकीचा अवाढव्य पसारा निरनिराळ्या नावांच्या कागदी कंपन्यांआड दडवला. मॉर्मनांच्या सोन्याच्या पत्र्यांवरच्या ग्रंथाची कथा खरी की खोटी, याच्याशी त्या दंडाचा काही संबंध नव्हता. आपल्याकडे हे काम धर्मादाय आयुक्ताचं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टला, मग तो मोठ्या देवस्थानाचा असो की गल्लीतल्या मारुतीचा, हिशेब तपासून घ्यावे लागतात.

डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदाही याच वळणाचा आहे. त्याच्या अनुसूचीत एकाही पंथाचं नाव नाही. आहेत त्या कृती : भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, चमत्काराच्या नावावर पैसे उकळणं, साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं. रेनॉल्ड्स निकालाने १८७९ मध्ये आखलेली रेघ ती हीच, आणि अमेरिकेने ती आठ वर्षांत ओलांडली.

पुढच्या भागात महानुभाव : शतकानुशतकं पोथ्या सांकेतिक लिपीत ठेवणारा पंथ, आणि त्याबद्दल शेजाऱ्यांनी रचलेल्या कथा.