सीडीचं सीमोल्लंघन

दसऱ्याला तुळजापुरात जे घडतं ते फारशा देवळांत घडत नाही. इतर बहुतेक ठिकाणी मिरवायला उत्सवमूर्ती असते, मूळ देव गाभाऱ्यातून हलत नाही. तुळजाभवानीची मूर्ती मात्र चल आहे. सीमोल्लंघनाला खुद्द देवीच सिंहासन सोडते, बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत बसते, देवळाला प्रदक्षिणा घालते आणि मग पलंगावर निद्रेला जाते ती कोजागरीपर्यंत. हे लहानपणापासून बघत आलो होतो. त्यातली मेख कळली ती टर्मिनलच्या काळ्या खिडकीसमोर, आपली आठ ओळींची स्क्रिप्ट का चालत नाही म्हणून डोकं खाजवताना.

एका वेळी पाच-सहा लोकांची कामं हातात असली की प्रत्येकाचा फोल्डर वेगळा. मंदिरात जसं महाद्वारातून पायऱ्या उतरत गोमुख, कल्लोळ, निंबाळकर दरवाजा असं खाली खाली जावं लागतं, तसंच इथेही: होम, त्यात कामं, त्यात वर्ष, त्यात गाव, त्यात दुकान, त्यात सोर्स. सोलापूरच्या दुकानाचं काम चालू असताना धाराशिवच्या कामाचा फोन आला की सगळ्या पायऱ्या चढून पुन्हा दुसऱ्या उतरायच्या. त्यासाठी सीडी ही आज्ञा, आणि तिच्यापुढे हातभर लांब पत्ता. टॅब कळ निम्मं टायपिंग वाचवते, पण निम्मं उरतंच.

म्हणून एक स्क्रिप्ट लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘जा’. तुळजापुरात आलेल्या यात्रेकरूला आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग त्याच्या घराण्याचा पुजारी कोण ते ठरतं. माझी स्क्रिप्टही तेवढंच करत होती: दुकान म्हटलं की हा पत्ता, शाळा म्हटलं की तो. ‘जा दुकान’ लिहून एंटर मारलं. चूक दाखवली नाही, तक्रार नाही. आणि मी जिथे होतो तिथेच.

टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा ऐकून पाळणारा प्रोग्राम म्हणजे शेल. त्याला स्क्रिप्ट चालवायची असली की तो स्वतःसारखी एक नवी प्रक्रिया जन्माला घालतो. ‘मी आत्ता कुठे उभा आहे’ ही नोंद प्रत्येक प्रक्रियेची स्वतंत्र असते. पोराला बापाच्या नोंदीची नक्कल मिळते. पोर दुकानाच्या फोल्डरमध्ये गेलं, तिथे त्याचं काम संपलं, तेही संपलं. बाप जागचा हललाच नाही. थोडक्यात, मी उत्सवमूर्ती मिरवून आणली होती.

या खड्ड्यात माझ्या आधी फार मोठी माणसं पडलेली आहेत. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-७ या यंत्रावर केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स उभारत होते, तेव्हाची ही गोष्ट. फोल्डर बदलण्याची आज्ञा तेव्हा ‘सीएचडीआयआर’ नावाचा एक साधा स्वतंत्र प्रोग्राम होती आणि ती नीट चालायची, कारण शेल पोर जन्माला घालतच नव्हता. आज्ञा आली की तिचा प्रोग्राम शेलच्याच जागी येऊन बसायचा. मग ‘फोर्क’ आला, एका प्रक्रियेतून दुसरी काढणारा. पीडीपी-७ वर त्याला असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी लागल्या, असं रिचीने लिहून ठेवलंय. सगळे खुशीत असताना लक्षात आलं की फोल्डर बदलणं बंद पडलंय. तपासातून निघालं ते हेच: पोर जातं, बाप राहतो. उपाय एकच होता, ती आज्ञा शेलच्या पोटात घालायची. ती आजही तिथेच आहे. १९७५च्या सहाव्या आवृत्तीत तिचं नाव लांबलचकच होतं, १९७९च्या सातव्या आवृत्तीत ती ‘सीडी’ झाली.

माझा उपायही त्याच जातीचा. स्क्रिप्ट वेगळी चालवायची नाही, तिचं फंक्शन करून शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत ठेवायचं. किंवा फाइलीच्या नावाआधी एक टिंब आणि मोकळी जागा द्यायची, म्हणजे शेल त्या ओळी स्वतःच वाचून स्वतःच पाळतो. मूळमूर्तीच पालखीत.

हे कळल्यावर बाकीच्या सोयी भराभर समजल्या. ‘सीडी’पुढे नुसती आडवी रेघ दिली की आधीच्या जागी परत. बिल जॉयच्या सी शेलमधले पुशडी आणि पॉपडी म्हणजे ताटांची चळत: जाताना जुना पत्ता वर ठेवायचा, येताना उचलायचा. दोन ताटांपर्यंत ठीक, चौथ्यानंतर खाली काय आहे ते मला तरी आठवत नाही. सीडीपाथ या शेलच्या सेटिंगमध्ये नेहमीच्या मोठ्या फोल्डरांची यादी देऊन ठेवली की आतल्या फोल्डरचं नुसतं नाव पुरतं. ही सोय लोक का वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं.

अलीकडे अंदाज बांधणारी साधनं आली आहेत. झॉक्साइड तुमच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवतो. गेल्या तासाभरात गेलेल्या फोल्डरचे गुण चौपट, दिवसभरातल्याचे दुप्पट, आठवड्यातल्याचे निम्मे, त्याहून जुन्याचे पाव. नावाची दोन अक्षरं लिहिली की सर्वांत जास्त गुणांच्या जागी तो उडी मारतो. बहुतेक वेळा बरोबर. असंच एक साधन मी वर्षभर हौसेने वापरलं. एकदा ‘शाळा’ आणि ‘शाळा-जुनी’ यांत त्याने जुनीकडे कौल दिला, कारण आदल्या रात्री मी तिथेच घुटमळत होतो. न बघता फाइली पुसल्या त्या मी, साधनाने नव्हे. नक्कल होती म्हणून वाचलो.

तेव्हापासून पुन्हा ‘जा’. तिच्यात आता अकरा नावं आहेत, सगळी मी हाताने घातलेली. काम संपलं की ओळ काढतो. नाव चुकलं तर ती अंदाज बांधत नाही, सगळी यादी दाखवून गप्प बसते. आणि त्या प्रसंगानंतर शेवटी एक ओळ वाढवली आहे: पोचल्यावर जिथे आलो तो पूर्ण पत्ता पडद्यावर छापायचा.