पुणे नगरपालिकेतील जोतीराव फुले

जोतीराव फुले यांचे नाव मुलींच्या शिक्षणाशी आणि सत्यशोधक समाजाशी कायमचे जोडले गेले असले, तरी १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही बाब त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे. त्या काळी नगरपालिकेचे सभासद लोकांच्या मतांनी निवडले जात नसत, तर सरकार त्यांची नेमणूक करीत असे. त्यामुळे सरकारची मर्जी सांभाळणे हाच सभागृहातील सोयीचा मार्ग होता. जोतीरावांनी तो स्वीकारला नाही, आणि याचे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात सापडते.

१८२७ मध्ये माळी कुटुंबात जन्मलेल्या जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी तेथे शिकवण्याचे काम पत्करले. फसवल्या गेलेल्या विधवांना सुरक्षितपणे बाळंत होता यावे म्हणून १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तर १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुढे १८७७ च्या दुष्काळात, म्हणजे सभासदत्वाच्याच काळात, उपाशी मुलांसाठी धनकवडी येथे अन्नछत्र चालवण्यात सत्यशोधक समाजाने पुढाकार घेतला. शाळा, पाणी आणि अन्न यांची उणीव त्यांनी अशी जवळून पाहिली होती, आणि नगरपालिकेचा प्रत्येक खर्च ते त्याच उणिवेच्या मापाने मोजत.

१८८० मध्ये व्हाइसरॉयच्या पुणे भेटीनिमित्त स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा करदात्यांचा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे सांगून सभागृहात विरोधी मत देणारे ते एकमेव सभासद ठरले. त्याच वर्षी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. नागरिकांचे आरोग्य राखण्यासाठी नगरपालिका आरोग्य खात्यावर खर्च करते, मग आरोग्य आणि संसार दोन्ही उद्ध्वस्त करणाऱ्या या दुकानांवर तिने कर का बसवू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. नव्या मंडईच्या भव्य इमारतीवर मोठी रक्कम घालण्यासही त्यांचा विरोध होता, कारण शहरातील शिक्षणाची सोय अपुरी असताना हा खर्च त्यांना अग्रक्रमाचा वाटत नव्हता. ती मंडई १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने उभी राहिली आणि कालांतराने तिला महात्मा फुले यांचेच नाव देण्यात आले.

या लढतींपैकी बहुतेक ठिकाणी बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते, तरीही त्यांचे सभासदत्व निष्फळ म्हणता येणार नाही. गरिबांच्या गरजा सभागृहात मांडणे हे सभासदाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी एकट्याने उभे राहावे लागले तरी चालेल, हा दंडक त्यांनी घालून दिला. आज नगरसेवक लोकांच्या मतांवर निवडून येतात. म्हणून आपल्या प्रभागातील फलक आणि उद्‌घाटने मोजत बसण्यापेक्षा, अंदाजपत्रकाच्या सभेत आपला नगरसेवक शाळा, पाणी आणि दवाखाना यांसाठी काय बोलला व त्याने कोणत्या बाजूने मत दिले, याची चौकशी प्रत्येक मतदाराने केली पाहिजे.