नको म्हणणाऱ्या देशातली अणुभट्टी

संपादकांना हवा होता तो लेख साधा होता. अणुअभियांत्रिकीत किंवा अणुभौतिकीत संशोधन करायचं तर परदेशातल्या तांत्रिक विद्यापीठांत कुठल्या जागा निघतात, पगार किती, करार किती वर्षांचा. बारावीनंतर आणि एम.एस्सी.नंतर मुलांच्या आईवडिलांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं. जाहिराती चाळताना मी ऑस्ट्रियापाशी अडकले. या देशाने अणुवीज कायद्याने बंद केली आहे. मग तिथलं तांत्रिक विद्यापीठ न्यूट्रॉनवर काम करायला माणसं का मागतं? त्या कुतूहलापोटी मी व्हिएन्नाला गेले आणि माहितीपर लेखाचा हा असा परिचय लेख झाला.

व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाची मुख्य इमारत शहराच्या मध्यभागी आहे. अणुविभाग मात्र तिथे नाही. तो आहे प्राटरमध्ये, म्हणजे जुन्या आकाशपाळण्यासाठी आणि फुटबॉलच्या स्टेडियमसाठी प्रसिद्ध असलेल्या विस्तीर्ण बागेच्या कडेला, डॅन्यूब कालव्याजवळ. हा भाग लिओपोल्डश्टाट पेठेत येतो. अणुकेंद्र फुटतं म्हणजे नेमकं काय होतं हे ओट्टो फ्रिशबरोबर पहिल्यांदा उलगडून सांगणारी लिझे माइटनर 1878 साली याच पेठेत जन्मली.

संस्थेचा अधिकृत इतिहास चार ओळींत आटोपतो. विद्यापीठाचं मूळ 1815 सालच्या पॉलिटेक्निकमध्ये. ‘आटोमइन्स्टिटूट’, म्हणजे प्राटरमधली ही अणुसंस्था, उभी राहिली ती 1950च्या दशकाच्या अखेरीस, देशातल्या सगळ्या विद्यापीठांसाठी सामाईक म्हणून. 7 मार्च 1962 रोजी तिथला रिअ‍ॅक्टर पहिल्यांदा सुरू झाला. 2002मध्ये संस्था पूर्णपणे तांत्रिक विद्यापीठाकडे आली.

ही संस्था उभी राहत होती त्या काळात व्हिएन्ना अणूच्या राजकारणाची राजधानी होत होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 1957 साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय इथे आलं. आपल्याकडे या शहराचं नाव एका दुःखद कारणाने लक्षात राहिलं आहे. 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लां पर्वतावर एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ विमान कोसळलं, तेव्हा होमी भाभा याच संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते.

ऑस्ट्रियाचाही तेव्हा अणुवीज करायचा बेत होता. डॅन्यूबकाठी त्स्वेंटेनडॉर्फ गावी जवळपास 700 मेगावॅटचं अणुवीज केंद्र बांधून पूर्ण झालं. मग 5 नोव्हेंबर 1978 रोजी सार्वमत घेतलं गेलं. 50.47 टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटलं. फरक होता सुमारे 30 हजार मतांचा. तयार केंद्र एक दिवसही न चालता तसंच उभं राहिलं. त्याच वर्षी अणुवीज बंदीचा कायदा झाला आणि 1999मध्ये ही बंदी थेट घटनात्मक कायद्यात गेली. प्राटरमधला रिअ‍ॅक्टर या सगळ्यातून वाचला, कारण तो वीज करतच नाही. त्याची शक्ती 250 किलोवॅट, म्हणजे सुमारे 335 अश्वशक्ती, आणि तीही नुसती उष्णता. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांपैकी एकेकीची क्षमता 160 मेगावॅट विजेची आहे, हे आठवलं की या यंत्राचा जीव केवढासा आहे ते कळतं.

पण मला थांबवून ठेवलं ते याच लहान यंत्राने. त्याची जात ‘ट्रायगा’. जन्मकथा 1956च्या उन्हाळ्यातली, अमेरिकेत सॅन डिएगोला, जनरल अ‍ॅटॉमिक या नव्या कंपनीत. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी अट घातली की रिअ‍ॅक्टर असा हवा, जो शाळेतल्या मुलांच्या हाती दिला तरी अपघात होणार नाही. सुरक्षितता माणसाच्या सावधपणावर किंवा यंत्रणेच्या कुलपांवर सोपवायची नाही, ती निसर्गनियमातच असली पाहिजे. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी तेव्हा नुकतीच तिशी ओलांडली होती. या अटीचं भौतिकशास्त्र त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सोडवलं.

युक्ती अशी. युरेनियम फुटायला मंद न्यूट्रॉन लागतो आणि न्यूट्रॉनला मंद करायचं काम हायड्रोजन उत्तम करतो. बहुतेक भट्ट्यांत हा हायड्रोजन बाहेरच्या पाण्यात असतो. ट्रायगात त्याचा मोठा हिस्सा इंधनातच बसवला आहे: युरेनियम आणि झिर्कोनियम हायड्राइड यांचा एकजीव धातू. शक्ती अचानक वाढली तर इंधन तापतं आणि त्याच क्षणी त्यातला हायड्रोजनही तापतो. तापलेला, थरथरणारा हायड्रोजन न्यूट्रॉनला मंद करण्याऐवजी उलट वेग देऊ लागतो. वेगवान न्यूट्रॉन युरेनियमला सहजी फोडत नाही. साखळी आपोआप थंडावते. पाणी तापायची वाट बघावी लागत नाही, कुणी बटण दाबावं लागत नाही. उतू जायला लागलं की स्वतःच खालचा गॅस मंद करणारं दूध असावं, तसं हे इंधन.

याचा पुरावा म्हणून या रिअ‍ॅक्टरला मुद्दाम चिथावता येतं. एक नियंत्रक कांडी दाबाखालच्या हवेने झटक्यात वर उडवायची. बहुतेक दुसऱ्या भट्ट्यांत हे करणं म्हणजे आत्मघात. इथे शक्ती 250 मेगावॅटपर्यंत, म्हणजे नेहमीच्या 250 किलोवॅटच्या हजारपट उसळते आणि सुमारे 40 मिलिसेकंदांत इंधन स्वतःच तिला खाली आणतं. टाकीतल्या स्वच्छ पाण्यात निळा प्रकाश लखलखतो, डोळा मिटायच्या आत संपतो. विद्यार्थ्यांसाठी हा धडा आहे. पाठ्यपुस्तकात ‘ऋण तापमान गुणांक’ या रूक्ष नावाने भेटणारी गोष्ट इथे डोळ्यांनी दिसते. ही जात जगात साठाहून अधिक ठिकाणी गेली, त्यातली कितीतरी विद्यापीठांत, ती याच गुणामुळे.

इतक्या लहान भट्टीतून मोठं विज्ञान निघेल असं कुणाला वाटलं नसतं. हेल्मुट राउख यांना वाटलं. 1972पासून तीन दशकांहून अधिक काळ ते या संस्थेचे प्रमुख होते. 2019मध्ये ते गेले. न्यूट्रॉन हा कण आहे, तसाच तो तरंगही आहे, हे पुस्तकात होतं. राउख यांना एकाच न्यूट्रॉनचा तरंग दोन वाटांनी पाठवून, वाटा काही सेंटिमीटर दूर नेऊन, पुन्हा जुळवायचा होता. डॉर्टमुंडच्या उलरिश बोन्झ यांनी क्ष-किरणांसाठी असं उपकरण बनवलं होतं. राउख, बोन्झ आणि वोल्फगांग ट्रायमर यांनी ते न्यूट्रॉनसाठी वापरायचं ठरवलं.

उपकरण दिसायला अगदी गरीब. सिलिकॉनच्या एकाच निर्दोष स्फटिकातून कोरलेल्या तीन पातळ भिंती आणि त्यांना जोडणारा खालचा पाया. पहिली भिंत तरंगाचे दोन भाग करते, दुसरी त्यांना आत वळवते, तिसरी जुळवते आणि जुळलेल्या तरंगांची नक्षी उमटते. तिन्ही भिंतींतल्या अणूंच्या ओळी एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात आणि तेवढी अचूकता कुठलाही कारागीर तीन तुकडे जोडून साधू शकत नाही. म्हणून स्फटिक एकच. कापायचा, पण तोडायचा नाही. हा तुकडा हट्टी असतो. जमिनीची कंपनं, तापमानातला किंचित फरक, बसवताना पडलेला सूक्ष्म ताण, यांतलं काहीही पुरतं आणि नक्षी नाहीशी होते. 1974च्या सुरुवातीला याच 250 किलोवॅटच्या भट्टीवर ती नक्षी पहिल्यांदा दिसली.

मला यातला सर्वांत विलक्षण भाग हा वाटला की भट्टी लहान असणं इथे उणेपण राहत नाही. न्यूट्रॉन इतके विरळ येतात की एक स्फटिकातून जात असतो, तेव्हा त्याच्यामागचा बहुतेक वेळा अजून युरेनियमच्या केंद्रातच असतो, जन्मलेलाही नसतो. म्हणजे दुसऱ्या न्यूट्रॉनशी टक्कर, देवाणघेवाण यांचा प्रश्नच उरत नाही. जो काही खेळ चालतो तो त्या एकट्याचा स्वतःशीच. पुढच्याच वर्षी या गटाने दाखवलं की न्यूट्रॉनला एक पूर्ण फेरी, 360 अंश, फिरवलं तर तो मूळ स्थितीत येत नाही. त्यासाठी दोन फेऱ्या, 720 अंश लागतात. त्या निबंधाच्या लेखकांत राउख यांच्याकडे पीएचडी केलेला एक तरुण होता, अँटोन त्साइलिंगर. 2022चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत ते एक आहेत. नोबेल फोटॉनच्या प्रयोगांसाठी मिळालं, पण क्वांटमचे मूलभूत प्रश्न प्रयोगशाळेत विचारता येतात, ही सवय त्यांना प्राटरमध्ये लागली.

या धाग्याचं एक टोक मुंबईतही आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातले अपूर्व वाघ आणि वीरचंद राखेचा यांनी न्यूट्रॉन-तरंगाच्या भूमितीय कलेवर (जिओमेट्रिक फेज) बारकाईचं काम केलं. त्यांचा आणि व्हिएन्नाच्या गेराल्ड बाडुरेक यांच्या गटाचा संयुक्त निबंध 2000 साली प्रसिद्ध झाला.

आज इथे संशोधकाची जागा निघते ती पाच-सहा प्रकारच्या कामांसाठी. एजियन समुद्राकाठच्या उत्खननात सापडलेला प्यूमिस दगड कुठल्या ज्वालामुखीतून आला, हे न्यूट्रॉनचा मारा करून ओळखायचं. संलयन भट्टीतल्या चुंबकांचे अतिसंवाहक न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली किती टिकतात ते तपासायचं. किरणोत्साराचं मोजमाप, रिअ‍ॅक्टर भौतिकी, न्यूट्रॉनवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम. आणि अगदी अलीकडची झेप: थोरियम-229. या अणुकेंद्राची एक अवस्था अतिशय कमी ऊर्जेची आहे, असा अंदाज 1970च्या दशकापासून होता; सुमारे 8.4 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे लेसरने चाळवता येईल इतकी कमी. ती नेमकी कुठे आहे, ते सापडत नव्हतं. थोर्स्टेन शुम यांच्या गटाने याच संस्थेत कॅल्शियम फ्लोराइडचे थोरियममिश्रित स्फटिक बनवले आणि जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेबरोबर 2024मध्ये ते लेसर-उद्दीपन प्रसिद्ध केलं. अणुकेंद्रावर चालणाऱ्या घड्याळाची वाट त्यातून खुली झाली.

शिवाय एक काम असं, की जे शोधनिबंधांत दिसत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मुख्यालयाला जगातली सर्वांत जवळची अणुभट्टी हीच. देशोदेशीच्या अणुकेंद्रांवर तपासणीला जाणारे निरीक्षक इथे शिकतात. आणि ऑस्ट्रियाला स्वतःलाही असे जाणकार लागतात, कारण सीमेपलीकडे अणुवीज केंद्रं आहेतच: चेक प्रजासत्ताकात डुकोव्हानी आणि टेमेलिन, स्लोव्हाकियात बोहुनित्से आणि मोखोव्त्से, हंगेरीत पाक्ष, स्लोव्हेनियात क्रश्को. शेजाऱ्याच्या भट्टीबद्दल ठाम आक्षेप घ्यायचा तर भट्टी आतून ओळखणारी माणसं आपल्याकडे हवीत. ऑस्ट्रियाची जाहिरात पाहून मला पडलेला प्रश्न इथे सुटतो: नको म्हणायलाही जाणकार लागतात, आणि जाणकार घडायला चालता रिअ‍ॅक्टर लागतो.

आता त्या जागांकडे वळू. पीएचडीसाठीची जागा म्हणजे इथे शिष्यवृत्ती नव्हे, नोकरी असते. साधारण चार वर्षांचा करार, बहुधा आठवड्याला 30 तासांचा. त्यात विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं घेणं आलं. जाहिरातीत किमान पगार छापणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तो वर्षातून चौदा वेळा मिळतो. ऐकायला गोड आहे. पण तीस तास कागदावर असतात आणि प्रयोग घड्याळ बघत नाही, हे कुठल्याही प्रयोगशाळेत जाऊन आलेल्या मुलाला विचारा.

खरी मेख पुढे आहे. 2021मध्ये ऑस्ट्रियाच्या विद्यापीठ कायद्यात बदल झाला. एका विद्यापीठात मुदतीच्या करारांवर एकूण आठ वर्षंच काम करता येतं. पीएचडीच्या नोकरीची चार वर्षांपर्यंतची मुदत त्यात धरत नाहीत, पण बाकीची धरतात. हेतू चांगला होता: विद्यापीठांनी माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवू नये. व्यवहारात कायम जागा वाढल्या नाहीत तर आठ वर्षांनी माणूस दार बंद करून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे हातही. अमुक स्फटिक कुठे किती ताण सहन करतो, अमुक मोजणीत आवाज कुठून येतो, हे शोधनिबंधात लिहिलेलं नसतं. राउख तीन दशकं एका जागी होते म्हणून स्फटिकाचा हट्ट संपला. आजच्या नियमात तितका वेळ मिळणारे थोडेच.

आपल्याकडचा मार्ग उलट्या टोकाचा आहे. मुंबईत 1957पासून चालणाऱ्या भाभा केंद्राच्या प्रशिक्षणशाळेत एका वर्षाचं कठोर शिक्षण आणि मग थेट वैज्ञानिक अधिकाऱ्याची कायम नोकरी. त्याचे आपले दोष आहेत. विद्यापीठं आणि अणुकेंद्रं यांच्यातली भिंत जाड राहिली, हा त्यातला मोठा. पण ज्ञान हातातून हातात द्यायला माणूस जागेवर असतो.

दुसरी अडचण इंधनाची. व्हिएन्नाच्या भट्टीतलं जुनं, काही अंशी अतिसमृद्ध इंधन 2012मध्ये अमेरिकेला परत गेलं आणि त्याऐवजी कमी समृद्ध इंधन आलं. तेही आज ना उद्या परत जायचं आहे. वापरलेलं इंधन ठेवायला ऑस्ट्रियाकडे कायमची जागा नाही, आणि अणुवीजच नको असलेल्या देशात ती करायला कुणी पुढे येणार नाही. ट्रायगाचं इंधन जगात एकाच ठिकाणी बनतं, फ्रान्समधल्या रोमान-स्युर-इझेर इथे. तो कारखाना थांबला की सगळ्या ट्रायगांचा जीव टांगणीला.

ऑस्ट्रियात एके काळी तीन संशोधन भट्ट्या होत्या. झायबर्सडॉर्फची 10 मेगावॅटची ‘अस्त्रा’ 1999मध्ये बंद झाली, ग्राट्सची छोटी भट्टी 2004मध्ये. बंद करायला, तुकडे करायला, किरणोत्सारी काँक्रीट मोजून वेगळं करायलाही शिकलेली माणसंच लागली. आपल्या ‘अप्सरे’चं वेगळं झालं: 1956ची भट्टी 2009मध्ये थांबली आणि 2018मध्ये नव्या रूपात, 2 मेगावॅटची होऊन पुन्हा सुरू झाली. व्हिएन्नाला अशी सोय सरकार देईल, याची चिन्हं मला दिसली नाहीत, आणि इतका उत्तम रिअ‍ॅक्टर बेफिकिरीने हातचा जाईल, ही काळजी मी घेऊन आले.

म्हणून ज्यांची मुलं अशा जाहिराती पाहत आहेत त्यांना माझा सल्ला. पगाराचा आकडा शेवटी वाचा. आधी मुलाखतीत तीन प्रश्न विचारायला सांगा: माझ्या कराराच्या मुदतीत भट्टीत इंधन असेल का? मला स्फटिक हाताळायला शिकवणारा माणूस कायम जागेवर आहे का? आणि चार वर्षांनी मी जे शिकेन ते मी कुणाला शिकवून जाणार? तिसऱ्याला समाधानकारक उत्तर मिळालं तर प्राटरची ही जागा जगातल्या उत्तम जागांपैकी आहे. मिळालं नाही, तर तिथे जाऊन निबंध निघतील, पदवी मिळेल, पण राउख यांच्या पिढीने ज्या जिद्दीने ते स्फटिक हाताळले, ती परंपरा त्या निबंधाबरोबर पुढे जाणार नाही.